प्रभूच्या येण्याची वाट कशी पाहावी?

(वाचावयाचे भाग : १ थेस्सलनी ४:१३–१८, २ थेस्सलनी ३:६–१३, मत्तय २४:३६–५१)

प्रभु येशु ख्रिस्त जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करावयास पुन्हां येणार आहे, असें आपण विश्वासांगीकारांत उभे राहून म्हणतों. हे शब्द आपण लहानपणापासून इतक्या वेळां म्हटले आहेत कीं ते म्हणतांना जिभेला श्रम पडत नाहींत व मनालाहि पडत नाहींत. आठवड्याच्या बाजारास जावयाचें असलें तर आपण आदल्या रात्रीं पिशवी काढून ठेवितों; पण प्रभूच्या येण्याकरितां एवढीहि तयारी आपल्यापैकीं बहुतेकांच्या घरीं दिसत नाहीं. मग मधूनच कोणी एकजण उठतो आणि अमक्या महिन्यांत प्रभु येणार म्हणून सांगतो, तेव्हां कांहीं लोक घाबरतात, कांहीं हंसतात, आणि तो महिना उलटल्यावर दोघेहि पूर्वीं होते तेथें जाऊन बसतात. आम्ही स्वतः हंसणाऱ्यांपैकीं होतों. तेंच आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

आठ-नऊ वर्षांपूर्वींची गोष्ट. आमच्याकडे सोंपविलेल्या मंडळ्यांपैकीं एका लहान मंडळींत एक शेतकरी बंधु आहे. जमीन चार एकर, तीहि कोरडवाहू. पण मनुष्य वाचणारा, आणि त्याच्या गल्लींत शास्त्र स्पष्ट वाचून दाखविणारा तो एकटाच. त्याला बाजारांत कोणीतरी एक छापील पत्रक दिलें. दानीएलाच्या पुस्तकांतील दिवस, प्रकटीकरणांतील महिने आणि निरनिराळ्या राज्यांचीं सालें ह्यांची बेरीज-वजाबाकी करून प्रभु येत्या दसऱ्याच्या आंत येणार, असें त्यांत सिद्ध केलेलें होतें. त्यानें तें एकदां वाचलें, दहादां वाचलें, आणि त्याचा विश्वास बसला. मृग लागला, पाऊस चांगला पडला, शेजाऱ्यांच्या पाभरी चालूं लागल्या. ह्यानें मात्र पाभर बाहेर काढिली नाहीं. दोन बैलांपैकीं एक विकला. सोसायटीच्या कर्जाचें कोणीं विचारलें म्हणजे तो नुसता आकाशाकडे बोट करी.

आम्हांस हें कळलें तेव्हां आम्ही तेथें गेलों. चावडीपुढें चार माणसें बसलीं होतीं. त्यांच्यादेखत आम्हीं तें पत्रक मागून घेतलें व त्यांतील हिशेब खोडून दाखविला. एका ठिकाणीं बेरजेंतच उघड चूक होती. ती सांपडतांच आम्हांस आनंद झाला, हें येथें कबूल केलें पाहिजे. आम्ही विनोदानें कांहीं बोललों, लोक हंसले, आणि तो बंधु एक अक्षर न बोलतां उठून गेला.

दसरा आला आणि गेला. दिवाळीच्या सुमारास त्याची बायको रब्बीच्या बियाण्याकरितां आमच्या दारीं येऊन उभी राहिली. तो स्वतः उपासनेस येईनासा झाला. आमचेंच म्हणणें खरें ठरलें होतें, आणि आमच्या मंडळींतील एक घर मोडत होतें.

त्याच गल्लींत एक म्हातारी विधवा राहते. तिचा थोरला मुलगा ऊसतोडीस गेला असतां परजिल्ह्यांत अपघातांत वारला व तिकडेच त्याला माती दिली. आईला तोंडहि पाहावयास मिळालें नाहीं. त्या दिवाळीच्या दिवसांत आम्ही तिच्या घरीं प्रार्थनेस गेलों असतां ती म्हणाली, “पाळकसाहेब, त्याच्या हिशेबात चूक होती, ते तुम्ही सगळ्यांना सांगितलंत. पण माझा लेक उठणार, ते तर चुकीचं नाही ना? तेवढं एक मला सांगा.”

आम्हीं तिला उत्तर दिलें. परंतु तें उत्तर देतांना आमचा आवाज आम्हांसच परका वाटला. घरीं येऊन उपदेशांची वही काढिली. त्या मंडळींत आम्हांस नऊ वर्षें झालीं होतीं, आणि नऊ वर्षांत प्रभूच्या येण्यावर आम्हीं एकहि उपदेश केलेला नव्हता. अंत्यविधीच्या वेळीं नेमलेला शास्त्रभाग वाचला असेल, तेवढाच. सेमिनरींत असतां प्रकटीकरणाचें पुस्तक शेवटच्या सहामाहींत घाईनें उरकलेलें. पुढें ह्या विषयाचें वेड घेतलेलीं कांहीं माणसें पाहिलेलीं. तेव्हां ह्या वाटेनें न गेलेलें बरें, अशी आमची समजूत झाली होती. ज्या घरांत आम्हीं भाकर वाढली नाहीं, त्या घरांतील मुलानें बाजारांतून कांहीं विकत घेऊन खाल्लें, तर दोष सगळा मुलाचा कसा?

हा प्रकार आजचा नाहीं. रोमच्या मंडळींतील हिप्पोलिटस नांवाच्या शास्त्र्यानें इ. स. २०४ च्या सुमारास दानीएलाच्या पुस्तकावर टीका लिहिली. तींत त्यानें पोंत प्रांतांतील एका मंडळीच्या अध्यक्षाची हकीकत दिली आहे. हा मनुष्य भक्तिमान् व नम्र होता, परंतु शास्त्राभ्यासापेक्षां आपल्या स्वप्नांवर त्याचा भरंवसा अधिक. एका वर्षाच्या आंत न्यायाचा दिवस येईल, असें त्यानें आपल्या लोकांस सांगितलें. लोक रडूं लागले, त्यांनीं शेतें पडीक टाकिलीं, बहुतेकांनीं आपली मालमत्ता विकली. वर्ष संपलें. अध्यक्ष लज्जित झाला, लोक अडखळले, आणि ज्यांनीं सर्व विकलें होतें त्यांजवर भीक मागण्याची पाळी आली. ही हकीकत आम्हीं सेमिनरींत वाचली होती कीं काय, हें आठवत नाहीं. पण त्या दिवाळीनंतर ती वाचली तेव्हां आमच्या बंधूचें पडीक शेत डोळ्यांपुढें उभें राहिलें. त्याच ग्रंथांत सूरियांतील दुसऱ्या एका पुढाऱ्याची गोष्ट आहे. त्यानें आपल्या लोकांस बायकामुलांसुद्धां रानांत ख्रिस्तास भेटावयास नेलें. तेथें ते वाट चुकून भटकूं लागले आणि दरोडेखोर समजून सरकारच्या शिपायांकडून मारले जावयाचे थोडक्यांत वांचले.

पुढें शहाण्या व विद्वान् लोकांसहि हा मोह आवरला नाहीं. जर्मनींतील वुर्टेम्बर्गचा बेंगेल (१६८७–१७५२) हा नव्या कराराच्या मूळ ग्रीक पाठाचा मोठा अभ्यासक. त्याच्या टीकेचा उपयोग आजहि पाळक करितात. त्यानेंहि प्रकटीकरणांतील आंकड्यांवरून १८३६ साल काढिलें होतें. तें साल इतर सालांसारखेंच गेलें. अमेरिकेंत न्यूयॉर्क संस्थानांत विल्यम मिलर म्हणून एक शेतकरी होता. तो प्रामाणिक व अभ्यासू होता, हें त्याच्या विरोधकांनींहि मानावें. दानीएल ८:१४ येथें २,३०० संध्याकाळ-सकाळ सांगितल्या आहेत. त्यानें एका दिवसाचें एक वर्ष धरिलें, एज्राच्या काळच्या राजाज्ञेच्या म्हणजे ख्रि. पू. ४५७ ह्या सालापासून मोजणी केली, आणि १८४३ साल काढिलें. मार्च १८४३ ते मार्च १८४४ हें वर्ष संपलें, तेव्हां त्याच्या अनुयायांपैकीं कांहींनीं २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस ठरविला, व शेवटीं मिलरनेंहि तो मान्य केला. कित्येकांनीं उभें पीक शेतांत तसेंच सोडलें. ती रात्र त्यांनीं जागून काढिली आणि सकाळ झाली तेव्हां ते ढळढळा रडले. मिलर १८४९ सालीं वारला. येण्याची आशा त्यानें मरेपर्यंत सोडली नाहीं. आपल्याच काळांत अमेरिकेंतील हॅरॉल्ड कॅम्पिंग ह्यानें २१ मे २०११ ही तारीख नभोवाणीवरून जगभर सांगितली, ती चुकल्यावर २१ ऑक्टोबर सांगितली, आणि २०१२ सालीं तारीख ठरविणें हें आपलें पाप होतें असें त्यानें जाहीरपणें कबूल केलें. असें कबूल करणारे थोडे असतात, म्हणून हेंहि येथें लिहिलें.

आतां शास्त्राकडे वळूं. प्रभु स्वर्गीं जाण्यापूर्वीं शिष्यांनीं त्याला काळाविषयींच विचारलें होतें (प्रेषितांचीं कृत्यें १:६–८). प्रभूनें त्यांना काय दिलें? काळ व समय पित्यानें आपल्या हातीं ठेविले आहेत, ते जाणणें तुमच्याकडे नाहीं, असें सांगून त्यानें त्यांना काम दिलें : यरुशलेमेपासून पृथ्वीच्या शेवटापर्यंत साक्षी होणें. मग ते आकाशाकडे टक लावून उभे राहिले, तेव्हां पांढऱ्या वस्त्रांतल्या दोघांनीं त्यांना त्याबद्दल टोकलें, आणि त्याच तोंडानें तो परत येईल असेंहि सांगितलें. दोन्ही गोष्टी एकाच निरोपांत आहेत. आम्हीं पहिली घेतली होती, आमच्या शेतकरी बंधूनें दुसरी. मार्क १३:३२ येथें तर प्रभु म्हणतो कीं तो दिवस देवदूतांस ठाऊक नाहीं, पुत्रासहि ठाऊक नाहीं. जें पुत्रानें पित्याच्या हातीं राहूं दिलें, तें बाजारांत वाटलेल्या पत्रकांत छापून आलें असेल असें समजणें ही भक्ति नव्हे.

थेस्सलनीका येथील मंडळीला हें सर्व भोगावें लागलें. पौल त्या शहरांत फार दिवस राहूं शकला नाहीं. दंगा झाला व त्याला रातोरात निघावें लागलें. नंतर सुमारें इ. स. ५० सालीं करिंथाहून त्यानें त्यांना पत्र लिहिलें. नवीन मंडळी, पाळक दूर गेलेला, आणि तेवढ्यांत त्यांच्यांतील कांहीं माणसें वारलीं. जीं मेलीं तीं प्रभूच्या येण्याच्या दिवसाला मुकलीं काय, ही त्यांची चिंता होती. म्हणजे आमच्या म्हातारीचाच प्रश्न. दुसऱ्या पत्रांत निराळेंच संकट दिसतें : प्रभूचा दिवस येऊन ठेपला आहे, असें पौलाच्या नांवानें कोणी सांगत सुटलें होतें, आणि कांहीं लोक कामधंदा सोडून दुसऱ्यांच्या दारीं जेवत होते. पौल त्यांना कठोर शब्दांत सांगतो कीं ज्याला काम करावयाचें नाहीं त्यानें जेवूंहि नये. पण त्याच अध्यायाच्या शेवटीं तो म्हणतो कीं अशा मनुष्याला शत्रु समजूं नका, बंधु समजून त्याला बोध करा. हें शेवटचें वचन आम्हांस चावडीपुढें आठवावयास पाहिजे होतें.

मग भविष्यवादाचीं पुस्तकें बंद करून ठेवावीं काय? मुळींच नाहीं. मोठमोठे आचार्य येथें कचरले आहेत, हें खरें. लूथरनें १५२२ सालच्या प्रस्तावनेंत प्रकटीकरणाला कमी लेखलें होतें; १५३० सालीं त्यानें ती प्रस्तावना बदलली. कॅल्व्हिननें नव्या कराराच्या बहुतेक पुस्तकांवर टीका लिहिली, ह्या पुस्तकावर लिहिली नाहीं. तरी हें पुस्तक वाचणारा व ऐकणारे धन्य, असें त्याच्या आरंभींच लिहिलेलें आहे. प्रथम लक्षांत घ्यावें कीं हें पत्र आहे : आसिया प्रांतांतील इफिस, स्मुर्णा, पर्गम वगैरे सात मंडळ्यांस, पात्म बेटावर असलेल्या योहानानें लिहिलेलें. आपल्या मंडळ्यांसारख्याच त्या लहान मंडळ्या होत्या. कांहींचा छळ होत होता, कांही सुखानें कोमट झाल्या होत्या. त्यांना जें कळावें म्हणून लिहिलें, तें आधीं आपण समजून घ्यावें, आणि मगच आजच्या वर्तमानपत्रांतील कोणा राजाचें नांव त्यांत शोधावयास जावें. न शोधाल तर अधिक बरें. पशूची संख्या ६६६ ही गेल्या कित्येक शतकांत इतक्या जणांच्या कपाळीं चिकटविली गेली आहे, आणि त्या प्रत्येक वेळीं चिकटविणाऱ्याची इतकी खात्री होती, कीं आतां तरी आपण तो खेळ सोडावा.

उलट खेड्यांतील मनुष्याला जें लगेच कळेल, तें मात्र पंडितांकडून पुष्कळ वेळां राहून जातें. सहाव्या अध्यायांत तिसरा घोडा काळा आहे, व त्यावर बसलेल्याच्या हातीं तराजू आहे. एक वाणी भाव सांगते : दिवसाच्या मजुरीला शेरभर गहूं, किंवा तेवढ्याच मजुरीला तीन शेर जव. म्हणजे दिवसभर राबून एका माणसाचें पोट कसेंबसें भरेल. लेंकरांना जवाची भाकर घालावी लागेल. आणि तेल व द्राक्षारस ह्यांना मात्र धक्का लागूं नये, असें ती म्हणते. धान्य महागतें आणि श्रीमंतांच्या ताटांतलें कांहीं कमी होत नाहीं, ही गोष्ट आपल्याला कोणी समजावून सांगावी लागते काय? तसाच अठरावा अध्याय. बाबेलच्या व्यापाऱ्यांच्या मालाची तेथें लांबलचक यादी आहे. सोनें, रुपें, मोत्यें ह्यांपासून आरंभ होऊन ती यादी गुरेंमेंढरें, घोडे, रथ येथपर्यंत येते, आणि सर्वांच्या शेवटीं माणसें. ज्याच्या मुलाला उचल घेऊन ऊसतोडीला जावें लागलें, त्याला ह्या यादीचा अर्थ आमच्यापेक्षां अधिक कळेल. हें सर्व देवाच्या दृष्टीस पडलें आहे, तें तसेंच राहूं द्यावयाचें त्यानें ठरविलेलें नाहीं, आणि ज्याचा वध झाला तो कोंकरा ह्याचा न्याय करील, हें भविष्यवादाचें मुख्य सांगणें आहे. तारीख नाहीं म्हणून हें सांगणें कमी होत नाहीं.

चिन्हांविषयीं थोडें. लढाई, दुष्काळ, भूमिकंप हीं ऐकलीं म्हणजे आपले लोक विचारतात, आतां शेवट आला काय? १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला, मागोमाग १८९६–९७ व १८९९–१९०० हे दुष्काळ पडले, १९१८ सालीं इन्फ्लुएंझा आला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीकडे घरें झोंपलेल्या माणसांवर कोसळलीं. २०२० सालीं करोना आला आणि प्रार्थनामंदिरांचीं दारें बंद झालीं. अशा वेळीं मनुष्याच्या मनांत हा प्रश्न येणें साहजिक आहे. पण मत्तय २४ मध्यें प्रभूनें हींच नांवें घेऊन, घाबरूं नका, एवढ्यानें शेवट होत नाहीं, हा वेणांचा केवळ आरंभ आहे, असें सांगितलें. बाळंतपणाचें उदाहरण प्रभूनें स्वतः दिलें आहे. कळा सुरू झाल्यावर सुईण घटका मोजीत बसत नाहीं. ती पाणी तापविते, कपडे जवळ घेते. किल्लारीकडे ज्यांनीं ढिगारे उपसले व जखमी माणसें खाटेवर घालून नेलीं, त्यांनीं हा अध्याय आमच्यापेक्षां चांगला वाचला.

आतां त्या म्हातारीचें उत्तर. १ थेस्सलनी ४ मध्यें पौल तिला सांगतो कीं जे ख्रिस्तामध्यें मेले ते मागें राहणार नाहींत. तेच आधीं उठतील, आणि मग जे जिवंत असतील ते त्यांच्याबरोबर प्रभूला सामोरे जातील. ह्या ‘सामोरें जाणें’ ह्याकरितां मूळ ग्रीक भाषेंत जो शब्द आहे, तोच दहा कुमारींच्या दाखल्यांत वर येत आहे म्हणून बाहेर पडण्याविषयीं आहे, आणि पौल रोमला येत असतां तेथील बंधु त्याला आप्पियाच्या बाजारपेठेपर्यंत व तीन उतारशाळांपर्यंत घ्यावयास आले, तेथेंहि आहे (प्रेषितांचीं कृत्यें २८:१५). त्या दिवसांत राजा किंवा मोठा अधिकारी एकाद्या शहराला यावयाचा असला म्हणजे नागरिक वेशीबाहेर जाऊन त्याला मानानें आंत आणीत. आपल्याकडे वऱ्हाड शिवेवर येऊन थांबतें, आणि वधूकडील मंडळी वाजतगाजत त्याला सामोरी जाते, तेंच हें. सामोरे गेलेले लोक वराबरोबर दुसऱ्या गांवाला निघून जात नाहींत. त्याला आपल्या गांवांत घेऊन येतात. म्हणून आमचें असें मत आहे कीं ह्या वचनावरून पृथ्वी टाकून पळून जाण्याची आशा करणें बरोबर नाहीं. येणारा आपल्याकडे येत आहे. पेत्रहि नव्या आकाशाबरोबर नव्या पृथ्वीचें नांव घेतो, जेथें नीतिमत्त्व वस्ती करील. ज्या गांवांत वर यावयाचा आहे त्या गांवचे लोक रस्ते झाडतात, मांडव घालतात, धान्य निवडतात. शेत पडीक ठेवून कोणी पाहुण्याची वाट पाहत नाहीं.

आणि येणारा कोण आहे, हेंहि लक्षांत असावें. लूक १२:३७ मध्यें प्रभूनें एक विलक्षण गोष्ट सांगितली आहे. धनी रात्रीं परत येतो, चाकर जागे असलेले पाहतो, आणि मग स्वतः कंबर बांधून त्यांना जेवावयास बसवून वाढतो. असा धनी आपण कोणीं पाहिलेला नाहीं. दिवसभर दुसऱ्याच्या बांधावर राबून आलेल्या मनुष्याला कोणी म्हणतो काय, तूं बैस, मी वाढतों? भीति घालून लोकांना जागें ठेवणारे पुष्कळ आहेत. पण ह्या धन्याकरितां जागणें हें भीतीचें जागणें नाहीं.

त्या वर्षाच्या ख्रिस्तजन्माच्या आधींचे चार रविवार आम्हीं त्या मंडळींत ह्याच विषयावर बोललों. पहिल्या रविवारीं, उपदेशाच्या आधीं, चावडीपुढें केलेल्या वर्तनाबद्दल आम्हीं सर्वांदेखत क्षमा मागितली. तो बंधु त्या दिवशीं आलेला नव्हता. त्याच्या घरीं गेलों, तर दार उघडें होतें व तो मागच्या बाजूनें निघून गेला. मंडळींतील दोघांनीं बी दिलें, एकानें आपली बैलजोडी तीन दिवस दिली, व रब्बीची ज्वारी उशिरानें कां होईना पेरली गेली. सोसायटीचें कर्ज फिटावयास पुढें तीन वर्षें लागलीं. विकलेला बैल परत आला नाहीं.

म्हातारीला वाचतां येत नाहीं. आम्ही सांगितलेला तो थेस्सलनीचा भाग तिला पुन्हां ऐकावयाचा होता, आणि गल्लींत स्पष्ट वाचणारा तो एकटाच; म्हणून तिनें एके संध्याकाळीं त्यालाच हांक मारली. तो गेला नाहीं. दुसऱ्या दिवशीं तिनें पुन्हां हांक मारली. किती दिवस हें चाललें, तें तीहि सांगत नाहीं. पुढें एका शनिवारीं आम्ही अचानक त्या गांवीं गेलों, तेव्हां तिच्या ओट्यावर कंदील होता, तो बंधु खालीं मान घालून वाचीत होता, आणि ती भिंतीला टेकून ऐकत होती. आम्हांस पाहून तो थांबला. “वाच बाबा,” ती म्हणाली, “पाळकसाहेबांनाही ऐकू दे.” आम्ही पायरीवर बसलों, आणि त्यानें उरलेला अध्याय वाचून संपविला.